धुळीमागचे ठिपके

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी आधीच माफी मागते. सवय.

सरांनी माझी चिठ्ठी दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि पाहुण्यांना दाखवली. "बघा, आमची संशोधक! काल वीटभट्टीवर, आज आकाशगंगेत."

पाहुणे पोट धरून हसले. मी ओसरीत होते. हातात माझा वेगळा कप. बिनकानाचा.

आम्ही बौद्ध झालो तेव्हा बाप म्हणाला होता, कुणाच्या वेगळ्या कपात प्यायचं नाही. मी पीत होते. घर शाकारायला सरांकडून तीनशे रुपये उचल घेतली होती.

सर निवृत्त प्रोफेसर. कर्जतला बंगला. त्यांच्याकडे एका दूरच्या आकाशगंगेचे काचेवरचे फोटो होते. तिथं तारे झुंडीनं जन्मतात. एक झुंड म्हणजे काचेवर एक काळा ठिपका. एक काच निळ्या उजेडाची, एक तांबड्या. मी भिंगातून दोन्हीकडचा ठिपका मोजायची, आकडे चिठ्ठीवर लिहायची. निळ्यात ठसठशीत ती झुंड तरुण. मोठे निळे तारे आधी मरतात, मग तांबडे उरतात. ती म्हातारी. सरांनीच शिकवलं.

काचा मी पुसायची. त्यांना माझ्या हाताचा बाट नव्हता. माठाला होता.

अकरा ठिपके निळ्यात अगदी बारीक निघाले. सर म्हणाले, म्हातारे. पण ते अकराच्या अकरा आकाशगंगेच्या मधल्या, धुळीच्या पट्ट्यातच होते. पट्ट्याबाहेर एकही तसा नव्हता. मला बापाची भट्टी आठवली. तो म्हणायचा, "आगीचं वय धुराच्या बाजूनं बघू नको गं. धुरातनं ताजी आगपण लालच दिसती."

मी चिठ्ठीवर आकड्यांखाली लिहिलं : धुळीमागे आहेत. वय सांगता येत नाही.

त्याच चिठ्ठीला ते हसत होते.

हसू थांबलं. सर म्हणाले, "खोड ते. म्हातारे, असं लिही."

मी कप जमिनीवर ठेवला.

"नाय लिवणार, सर. मी मोजलंय."

"मोजलंय? मग माझी उचल मोज आधी. ती फिटेपर्यंत भांडी घासायची. तुम्हा लोकांना उचल चढली की जीभ फुटते."

मी भांडी घासली नाहीत. कुंभिवलीच्या भट्टीवर गेले. दोन हंगाम विटा थापल्या. हाताची साल गेली.

मग पैसे घेऊन पुन्हा कर्जतला आले. ओसरीत थांबले नाही, थेट टेबलापाशी गेले.

"उंबऱ्यावर ठेव," सर म्हणाले.

"हातात घ्या. मोजा."

मी हात मागे घेतला नाही. शेवटी त्यांनी घेतले.

"पुरे आहेत," खाली बघत म्हणाले.

"पावती लिवून द्या."

त्यांनी लिहिलं. मी अक्षर न् अक्षर वाचलं, मगच कागद घेतला. ते अकरा ठिपके मी म्हातारे लिहिले नाहीत. लिहिणार नाही. कुणाच्याच सांगण्यावरून, कसलंच. वर मागितलेली माफीही शेवटची.

तीनशे रुपये. सगळे फिटले.