खुबा बदलल्यावर खाली बसायचं की नाही

गावात एसटीडीचे बूथ नुकते आले होते, त्या सुमाराला मिरजेत माझा खुब्याचा सांधा बदलला. ऑपरेशन चांगलं झालं. घोळ झाला तो पुढे. खाटा कमी म्हणून मला लवकर घरी धाडलं आणि बाकीचं सगळं घरून येऊन-जाऊन करायचं ठरलं. टाके आमच्या रहिमतपूरच्या डॉक्टरांनी काढायचे, व्यायाम साताऱ्याला, सांधा दाखवायला पुन्हा मिरज. तीन गावांत तीन माणसं आणि एकाचं दुसऱ्याशी बोलणं नाही.

मिरजेच्या सर्जननी निघताना बजावलं होतं, "जमिनीवर बसायचं नाही. मांडी घालायची नाही. सांधा निखळला तर पुन्हा कापावं लागेल." पुन्हा कापून घ्यायची माझी तयारी नव्हती.

साताऱ्याचा व्यायाम शिकवणारा म्हणाला, "आजी, आजपासून पाटावर बसायचा सराव करा. मांडी घातल्याशिवाय पाय मोकळा होत नाही."

मी म्हटलं, मिरजेला नको म्हणालेत.

तो हसला. "मोठे डॉक्टर सगळ्यांनाच भीती घालतात."

हे सुनेच्या तोंडून थोरल्या दिरांना कळलं. ते पाटावर बसून जेवत आणि मी, धाकटी भावजय, समोर खुर्चीवर, हे त्यांना आधीपासूनच रुचत नव्हतं.

"आता डागदरच बस म्हणतोय न्हवं? मग खुर्ची कशापायी? सातारच्या गादीवर बसलीया जणू."

आमच्याकडे बायका थोरल्या दिराशी थेट बोलत नाहीत. मी सुनेकडे तोंड करून म्हटलं, "विचार त्यास्नी, पाय निखळला तर मिरजेपतुर खांद्यावर नेणार का? नेणार असतील तर बसते खाली."

"मिरजंला जाऊन लय शानी झालीया," ते ताटाकडे बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन मी गावातल्या डॉक्टरांकडे गेले आणि दोघांचं सांगणं त्यांच्यापुढे ठेवलं.

"यात मी काय सांगणार, आजी? खुबा माझा विषय नाही."

"तुमी सांगू नका. मिरजेला फोन लावा. उत्तर येईस्तोवर मी इथनं उठत न्हाई."

त्यांना वाटलं, म्हातारी बोलतेय नुसती. पण पेशंट येऊन गेले तरी मी तिथेच, तेव्हा त्यांनी फोन लावला. सर्जन ऑपरेशनमध्ये होते. पुन्हा लावला. शेवटी भेटले. डॉक्टर फक्त "हो सर, हो सर" करत होते. फोन ठेवून म्हणाले, "खाली बसायचं नाही. अजिबात."

मग त्यांनी कपाटातून माझा एक्स-रे काढला आणि साताऱ्याला दाखवा म्हणून हातात दिला. टाके काढायला गेलो तेव्हा मुलानेच तो तिथे ठेवला होता, घरी पोरं फाडतील म्हणून. त्यामुळे साताऱ्याच्या माणसाने तो पाहिलाच नव्हता. पुढच्या खेपेला पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"मला वाटलं, मोडलेलं हाड जोडलंय. सांधा बदललाय हे कुणी बोललंच नाही, आजी."

ते खरं होतं. मिरजेहून त्याला कोणी कळवलं नव्हतं आणि मुलाने 'खुब्याचं ऑपरेशन' एवढंच सांगितलं होतं. त्याने सगळे व्यायाम बदलले. सांधा जागेवर राहिला, आजही आहे.

थोरले दीर मात्र माझ्यापेक्षा खाली बसायला नको म्हणून बाहेर सोप्यात बाजेवर बसून जेवायला लागले. सुनेला ताट तिकडे न्यावं लागे, एवढाच काय तो त्रास. मी खुर्चीवर पोटभर जेवत होते.