दुपट्ट्यातून पाहिलेला भयपट

मी शूर आहे, हे आमच्या घराण्यात पंचवीस वर्षं सर्वमान्य होतं.

या कीर्तीचं मूळ एका भयपटात होतं. मी दहा वर्षांचा असताना दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी बाबांबरोबर कोंढ्याला मामाकडे गेलो होतो. तिथे भरदुपारी खिडक्यांना पोती लावून मामाने व्हिडिओवर तो भयपट दाखवला. थोरली पोरं रडत पळाली. बाबांनी स्वतः हातमागावर विणलेला त्यांचा खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून घेऊन मी मात्र शेवटपर्यंत बसून राहिलो! (आत मी काय करत होतो, हे कोणी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझं तर अख्खं डोकं झाकलेलं होतं.) पुढे मुलगी पाहायला करडी गावी गेलो, तेव्हाही मामाने हाच पराक्रम सांगितला आणि सुनंदाने होकार दिला.

जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, तरी त्या सिनेमाचा दुसरा भाग येईना. शेवटी तो आला आणि आमच्या गावच्या साप्ताहिकाचे संपादक घरी आले.

"सर, तुमी जुना पायला हाये. नव्याची तुलना करून द्या. जमलं तर दर आठवड्याले तुमचं सदर, फोटोसकट."

फोटोसकट! मी लगेच हो म्हणालो. छापील नावाची हौस मला लहानपणापासून होती.

दुपारच्या खेळाला मी, सुनंदा आणि बाबा गेलो. दिवे मालवताच मी दुपट्टा डोक्यावरून घेतला.

"काहून घेऊन राहिले?" सुनंदाने विचारलं.

"कानाले थंड वारा लागते."

जुन्या दुपट्ट्याची सुनंदाने कधीच गोधडी शिवली होती. हा बाजारातला होता. आतून मला पडदा दिसला. पडद्यावरची विहीर दिसली. विहिरीतून वर येणारी बाई दिसली, तिची नखंसुद्धा दिसली! मी "आई गं" करून उठलो आणि शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीवर बसलो. तो वरठीच्या कारखान्यातून थेट ड्युटी करून आला होता आणि गाढ झोपला होता.

"भाऊ," तो डोळे चोळत म्हणाला, "पिच्चर सरला का?"

लोक पोट धरून हसले. पूर्ण खेळात तेवढाच प्रसंग त्यांना आवडला.

घरी येऊन मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'पहिल्या भागात भीतीचा लवलेश नव्हता. दुसरा मात्र काळीज हलवतो.' अंक निघाला त्याच दिवशी संपादक पुन्हा दारात.

"सर, फोनवर फोन येऊन राहिले. लोक म्हनतेत, नव्यात झोप लागते अन् जुन्यात दातखीळ बसली होती. तुमी कोनता पिच्चर पायला?"

मी दिग्दर्शन, प्रकाशयोजना असं काहीबाही बोलू लागलो. बाबा शांतपणे उठले. खुंटीवरचा दुपट्टा काढून त्यांनी चिमटीत चोळला, उजेडात धरला आणि त्यातून सुनंदाकडे पाहिलं.

"सूनबाई, यातून तुही टिकली दिसते. माह्या दुपट्ट्यातून सूर्य दिसला नसता." मग ते संपादकांकडे वळले. "पोरगा खोटं नाई लिहिला. फरक पिच्चरात नाई, विणीत हाये."

मी बाबांकडे वळलो. "बाबा, तुमाले मालूम होतं?"

"बाजूलेच तं बसलो होतो. तू आत रामरक्षा म्हनत होता."

"मंग मले पायाले आले तवा काहून नाई सांगितलं, मामाजी?" सुनंदाने सासऱ्यांना विचारलं.

"पोरगी चांगली होती," बाबा म्हणाले.

सुनंदा इतकी हसली, की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग मीही हसलो. पंचवीस वर्षांचं ओझं उतरलं होतं.

संपादकांनी सदर सुरू केलं. फोटोसकट. फोटो बाबांचा आहे.

बाबा सांगतात, मी उतरवून घेतो. भयपट असला तरी मी न चुकता सोबत जातो. बाबांनी माझ्यासाठी मुद्दाम नवा दुपट्टा विणलाय आणि त्याचं परीक्षण मी खात्रीने करू शकतो: आतून काहीही दिसत नाही.