डिकी पुन्हा उघडा

"काय मंडळी, चहा टाकलाय की राजीनामा?"

त्या वसंतात देवदत्त चिटणीस आयर्लंडमधल्या डंडॉक गावातल्या कुठल्याही मराठी घरात शिरला की दारातच हे वाक्य टाकायचा. लोक हसायचे, कारण टीव्हीवर रोज तेच चाललेलं असायचं. लंडनच्या संसदेत करार यायचा आणि पडायचा, पुन्हा यायचा आणि पुन्हा पडायचा. पंतप्रधानबाईंना त्यांच्याच पक्षातले लोक 'आता जा' म्हणत होते. युरोपीय संघातून बाहेर पडायची ठरलेली तारीख मार्चअखेरीस उलटून गेली होती आणि बाहेर कोणीच पडलं नव्हतं. डंडॉकहून निघालं तर कपातला चहा निवायच्या आत ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडची सीमा येते. तिथे पुन्हा सैन्याच्या चौक्या बसणार का, एवढाच प्रश्न गावात सगळ्यांच्या तोंडी होता. आयरिश लोक तो हळू आवाजात विचारायचे. देवदत्तला वाटायचं, हळू बोलायची त्यांची पद्धतच आहे.

देवदत्त मूळचा ठाण्याचा. कॉलेजात असताना प्रत्येक एकांकिका स्पर्धेत उतरलेला, बक्षीस मात्र कधी न मिळालेला. शिकायला आयर्लंडला आला, ऑनलाइन पेमेंटच्या एका कंपनीत लागला आणि राहिला. दिवसभर हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. ऑफिसात तो 'डेव्ह'. टीममधली पोरं विनोद करायची, ते याला निम्मे कळायचे, पण हसायचा पूर्ण. त्याची भरपाई तो गुढीपाडव्याला करायचा. चर्चच्या मागचा हॉल भाड्याने घ्यायचा, श्रीखंड-पुरी आणि त्याचं प्रहसन. मराठी माणसं त्याच्या प्रहसनासाठी अगदी डब्लिनजवळच्या ओंगारहून गाड्या काढून यायची.

आणि शेजारी नुआला. सत्तरीची, एकटी, बुटांच्या कारखान्यात आयुष्य काढलेली. सुरुवातीच्या वर्षांत सीमेपलीकडच्या न्यूरीला जायला देवदत्तला वेगळा व्हिसा लागायचा. रस्त्यावर अडवायला कोणी नसायचं, बाकीचे बिनधास्त जाऊन स्वस्त किराणा आणायचे, पण हा कायद्याला घाबरणारा. मग नुआलाच जायची आणि स्वतःच्या सामानात यांची तूरडाळही घेऊन यायची. मुलगी स्वराली झाली तेव्हा देवदत्तच्या सासूबाईंना व्हिसा मिळाला नाही. त्याच्या बायकोला, माधवीला टाके होते, खाली बसता येत नव्हतं. शेवटी सासूबाई व्हिडिओवरून सांगत होत्या आणि नुआला बाथरूमच्या जमिनीवर पाय पसरून, त्या पायांवर बाळाला पालथं घालून आंघोळ घालत होती. "सांग त्यांना," ती माधवीला म्हणाली होती, "पाय माझे आयरिश आहेत, पण चालतील." आता स्वराली शाळा सुटली की थेट तिच्याकडे जायची. दोन्ही घरांची मागची दारं दिवसभर उघडीच असायची.

त्या वर्षीच्या प्रहसनाची तालीम दिलीपच्या घरी चालायची. दिलीप औषधांच्या कारखान्यात इंजिनियर आणि हौशी नट. प्रहसनात एक हाउसिंग सोसायटी होती. तिच्या बी विंगला फेडरेशनमधून बाहेर पडायचंय. माधवी चेअरमनबाई.

"फेडरेशनमधून बाहेर पडायचं. बाजूने?"

"कोणी नाही!"

"मग आत राहायचं. बाजूने?"

"कोणी नाही!"

"मग करायचं तरी काय?"

"तुम्ही राजीनामा द्या!"

"देते. पण आधी माझा ठराव पास करा."

"तो नाही करणार!"

"मग राजीनामा कशाला मागता?"

"चहा येईपर्यंत काहीतरी मागायला हवं ना, बाई!"

देवदत्तने स्वतःकडे वॉचमन ठेवला होता. दोन विंगच्या मध्ये दांडका आडवा धरून पेंगणारा, आणि शेजारणीने विरजण मागितलं तर वाटीवर जकात लावणारा. तालमीत यावर सगळे लोळले. पण पाडव्याच्या चार दिवस आधी त्याने बेत बदलला.

"या वेळी आयरिश लोकांनाही बोलावलंय. त्यांना वॉचमन काय कळणार? मी सैनिक होतो. हेल्मेट, ठिपक्यांचा शर्ट, खेळण्यातली बंदूक."

"बंदूक कशाला रे?" माधवी म्हणाली. "पेंगणारा वॉचमनच छान आहे."

"अगं, त्यांनाही हसू दे ना. वर्षभर मी त्यांच्या विनोदांवर न कळता हसतो. एक दिवस ते माझ्यावर हसले तर काय बिघडलं?"

आणि त्याने एक नवा प्रसंग लिहून आणला. सैनिक दिलीपला अडवतो. दिलीपची चाकांची सूटकेस म्हणजे त्याची गाडी. 'डिकी उघडा.' तो उघडतो. 'बंद करा.' तो बंद करतो. 'डिकी पुन्हा उघडा.' दिलीप हसून हसून खुर्चीवरून घसरला. "हे कुठून सुचतं रे तुला?" देवदत्त म्हणाला, "सुचतं." खरंच तसं वाटत होतं त्याला.

पाडव्याला हॉल भरला. स्वराली पहिल्या रांगेत होती, आयरिश मंडळी मागच्या रांगेत. मिटिंग रंगली, चेअरमनबाईंना टाळ्या पडल्या. मग देवदत्त हेल्मेट घालून, बंदूक छातीशी धरून आला. मराठी माणसं त्याला पाहूनच हसायला लागली. मागची रांग गप्प होती. त्याला वाटलं, कळलं नसेल. त्याने आवाज वाढवला, इंग्रजीत ओरडला, दिलीपची सूटकेस उघडायला लावली, बंद करायला लावली, पुन्हा उघडायला लावली. मागची रांग तरीही गप्प.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि नुआला आत आली. उशीर झालेला, एका हातात भाजून आणलेला सफरचंदाचा टार्ट, खांद्याला हँडबॅग. देवदत्तला वाटलं, देवच पावला. हिला सगळे ओळखतात. हिला हसवलं की मागची रांग हसलीच.

"हॉल्ट!"

ती जागच्या जागी थांबली.

"डिकी उघडा, मॅडम." त्याने बंदुकीच्या नळीने हँडबॅगकडे खूण केली. हॉलमध्ये हशा.

नुआलाने टार्ट शेजारच्या खुर्चीवर ठेवला. बॅग उघडली. चष्म्याचं घर, रुमाल, किल्ल्या असं एक-एक काढून टार्टशेजारी मांडलं आणि एक पाऊल मागे सरून उभी राहिली. हात अंगापासून दूर, तळवे समोर. हे कोणी तिला सांगितलं नव्हतं. मराठी मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"बंद करा."

तिने सगळं परत भरलं. बॅगेची चेन तिच्याकडून पटकन लागेना.

पुढचं वाक्य देवदत्तच्या ओठावर आलं आणि त्याच क्षणी त्याला आठवलं, हे कोणाचं वाक्य आहे.

काही वर्षांपूर्वी त्याने नुआलाला तिच्या स्वयंपाकघरात सहज विचारलं होतं, न्यूरीला जाताना तुम्ही हमरस्ता सोडून त्या लांबच्या, वळणावळणाच्या रस्त्याने का जाता? तिने किटली चालू केली होती आणि सांगितलं होतं. ती तरुण असतानाची गोष्ट. वडिलांच्या छातीत कळा येत होत्या, जवळचं हॉस्पिटल सीमेपलीकडे. गाडी ती चालवत होती. चौकीवर एका पोरगेल्या ब्रिटिश सैनिकाने अडवलं. 'डिकी उघडा.' तिने उघडली. 'बंद करा.' ती म्हणाली, माझे वडील आजारी आहेत. तो आपल्या दोस्तांकडे बघून हसला आणि म्हणाला, 'डिकी पुन्हा उघडा.' ती दुसऱ्यांदा बंद करून गाडीत बसली तेव्हा वडिलांची मान खिडकीला टेकलेली होती. देवदत्त तेव्हा 'अरेरे' म्हणाला होता, आणि मग घरी येऊन जेवला होता.

आता ती त्याच्यासमोर उभी होती. तो तिथेच हेल्मेट काढू शकला असता. 'या नुआला, बसा' म्हणाला असता तरी कोणाला काही कळलं नसतं. पण सगळा हॉल पुढच्या वाक्याची वाट बघत होता. दिलीपच्या वेळी ते ऐकलेलं होतं, त्यामुळे हशा आधीच उसळायला लागला होता. इतका मोठा हशा देवदत्तला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

"डिकी पुन्हा उघडा!"

हशाने हॉल कोसळला.

"डॅडी, लीव्ह हर अलोन," स्वराली पहिल्या रांगेतून म्हणाली. हशात तिचा आवाज बुडाला.

नुआलाने बॅग पुन्हा उघडली. त्याला आत दिसावं म्हणून वाकडी धरली. मग ती बंद न करताच वळली आणि बाहेर गेली. मागच्या रांगेतला एक माणूस उठून तिच्यामागे गेला. देवदत्तने प्रहसन शेवटपर्यंत केलं. वाकून नमस्कारही केला.

"म्हातारी काय एक नंबर अ‍ॅक्टिंग करते रे!" विंगेत दिलीपने मिठी मारली. "ओंगारवाले म्हणतायत, पुढच्या महिन्यात आमच्याकडे करा. तिलाही घेऊन या."

"बघू," देवदत्त म्हणाला.

मागच्या रांगेतल्या बायकांनी तोपर्यंत माधवीला सगळं सांगितलं होतं. घरी आल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत.

"तुला माहीत होतं?"

"एकदा म्हणाली होती काहीतरी. विसरलो होतो."

"विसरलास? असलं?"

"किती वर्षं झाली, माधवी. स्टेजवर लाइट डोळ्यांत, माणूस कुठे विचार करतो! नाही आठवलं."

मग तिने विश्वास ठेवला आणि टार्टचं रिकामं ताट धुऊन ती शेजारी गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "मी सांगितलं तिला, त्याच्या डोक्यातच नव्हतं. ती म्हणाली, माणसं विसरतात. ये म्हणाली तुला."

देवदत्त गेला. नुआलाने चहा दिला. "यू आर ग्रँड, डेव्ह, काही बिघडलं नाही," ती म्हणाली. "माझं मलाच कळलं नाही, हात कसे पसरले ते. तुझा काय दोष? तुला आठवत असतं तर तू तसं केलं नसतंस." देवदत्त मान हलवत राहिला. कपातल्या चहावर साय धरली. तिने प्रेमाने पाठीवर थोपटलं, तेव्हा तो अंग चोरून बसला.

त्या आठवड्यात लंडनवाल्यांनी मुदत वाढवून घेतली. पंतप्रधानबाई अजून गेल्या नव्हत्या, करार अजून पास झाला नव्हता. देवदत्तने दारातलं ते वाक्य बोलणं सोडलं. तो मागच्या दाराने जाईना, नुआला अंगणात दिसली की फोन कानाला लावायचा. ती मात्र कुंपणावरून हात हलवायची. त्याला ओशाळं वाटतंय असं समजून आणखी जोरात हलवायची.

शनिवारी तो स्वरालीला आणायला गेला तर नुआलाच्या फाटकात फर्गल उभा होता, तिचा धाकटा दीर. त्या दिवशी हॉलमधून तिच्यामागे गेलेला माणूस हाच.

"तुझ्या लोकांच्या घरी कोणी मेलं की त्याचंही नाटक बसवतोस का रे?" त्याने देवदत्तला थेट विचारलं.

"फर्गल, पुरे!" नुआला दारातून ओरडली. "किती वेळा सांगू? तो विसरला होता. डेव्हला मी ओळखते. माहीत असून करणारा माणूस नाही तो."

"अशी गोष्ट कोणी विसरतं?"

"मी सांगते ना, विसरला होता! त्याला काही बोलशील तर माझ्या दारात येऊ नकोस."

फर्गल गाडीत बसून निघून गेला. नुआला धापा टाकत होती. "त्याचं मनावर घेऊ नकोस, डेव्ह. आत ये. बिस्किटं केली आहेत."

"नुआला, मी विसरलो नव्हतो."

"काय?"

"आधी आठवत नव्हतं. लिहितानाही नाही, खरंच. पण तुम्ही बॅग बंद केलीत तेव्हा आठवलं. सगळं. किटलीसकट. आणि तरी मी दुसऱ्यांदा म्हणालो."

ती दाराच्या चौकटीला हात धरून उभी राहिली.

"का?"

त्याने स्वतःला हे आठवडाभर विचारलं होतं. एकच उत्तर होतं, आणि ते फार लहान होतं.

"लोक हसत होते."

नुआलाने हळूहळू मान हलवली. "त्याचेही दोस्त बघत होते," ती म्हणाली. मग आत वळून स्वरालीला हाक मारली, तिच्या कोटाची बटणं लावली, बिस्किटांचा डबा तिच्या हातात दिला. स्वराली फाटकाबाहेर गेल्यावर म्हणाली, "हिला सोमवारी शाळेनंतर पाठव. नेहमीसारखी. तिला आणायला माधवीला येऊ दे."

"किती दिवस?"

"मला माहीत असतं तर सांगितलं असतं."

तिने दार आपटलं नाही. नेहमीसारखं लावलं, फक्त आतून कडी घातल्याचा आवाज आला. मागच्या दाराचाही आला.

घरी माधवी पोळ्या लाटत होती. "आत नाही गेलास? बिस्किटं करणार होती ती तुझ्यासाठी."

"मी तिला सांगितलं. मला आठवलं होतं. दुसऱ्यांदा म्हणायच्या आधी."

लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी फुगली, करपायला लागली, आणि दोघांपैकी कोणीच ती उलटली नाही.

"मग माझ्या तोंडून तिच्याकडे काय पोचवलंस तू?" माधवीने विचारलं. "मी तिथे रडले, देवदत्त. तुझ्यासाठी."

त्याने पुढे होऊन गॅस बंद केला. तेवढंच त्याला करता आलं.