मधल्या पायरीवरची जागा

या सदरातले अनुभव मी वाचतो, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात वाढलो मी. अंगात येणं, कौल लावणं, उतारा टाकणं... असलं काही घरात नुसतं बोललं तरी वडील ताटावरून उठायचे. तेव्हा पुढचं वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. मीही हसलो असतो.

गोष्ट ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराची. मी महाडच्या एका कॉलेजात खेळाचा शिक्षक होतो – तोही टेम्पररी. कॉलेजकडे बास्केटबॉलचं एक जुनं कोर्ट होतं. वर पत्र्याची शेड, कडेला बसायला दगडी ओटे आणि पुराच्या भीतीनं पुरुषभर उंच बांधलेलं जोतं. एकेकाळी पाचाड-वरंधपासून लोक मॅच बघायला यायचे म्हणे. माझ्या वेळेपर्यंत जमिनीच्या कोब्याला इतक्या भेगा पडल्या होत्या की टप्पा दिलेला बॉल कुठे उडेल याचा नेम नव्हता. एका मुलीचा पाय मोडला आणि प्राचार्यांनी खेळच बंद केला.

मला बोलावून म्हणाले, "पावसाळ्याआधी नवा कोबा झाला तर ठीक. नाहीतर शेड गोडाऊनला भाड्यानं देतो. मग खेळाच्या मास्तरांचं इथे काय काम, तुम्हीच सांगा."

घरी दोन लहान मुली होत्या. रात्र रात्र झोप यायची नाही.

पैसे उभे केले विष्णूनं. विष्णू माझा जुना कॅप्टन, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला, मुंबईत छापखान्यात कामाला. मुंबईत आपल्या भागातल्या गावकीच्या खोल्या असतात, एकेका खोलीत वीस-वीस माणसं. दिवाळीपासून होळीपर्यंत दर रविवारी हा गडी एकेक खोली पालथी घालत होता. सिमेंट तेव्हा परमिटवर. मी कचेरीत चपला झिजवल्या तेव्हा कुठे गोणी हातात पडल्या, आणि त्याही मे महिन्याच्या दमटपणानं कडेनं घट्ट व्हायला लागल्या. पुन्हा मिळणं शक्य नव्हतं. आणि मुकादम बजावून म्हणाला होता, "सर, काम एका दिवसात सलग. मधी थांबलो की सांधा पडणार, आणि पुढल्या पावसात तिथनंच फुटणार."

मिक्सर गल्लीच्या तोंडाशी अडला, आत येईना. म्हणजे तिथून कोर्टापर्यंत माणसांची रांग लावायची आणि काँक्रीटची घमेली हातोहात पुढे सरकवायची. गल्लीच्या वळणावर जोत्याला पाच पायऱ्या होत्या. सगळ्यात अवघड जागा मधली पायरी – खालून भरलेलं घमेलं उचलायचं, एका पायावर वळायचं, वरच्याच्या हातात द्यायचं. विष्णूचं पत्र आलं होतं, "रातच्या एस.टी.नं निघतो. मधली पायरी माझी, सर. पिव्हट शिकवलात तो कधी कामाला येणार?"

त्या दिवशी सकाळी आठ वाजले तरी विष्णूचा पत्ता नाही. एमआयडीसीतली जी पोरं येणार होती, त्यांच्यातल्या निम्म्यांना ओव्हरटाइम लागलेला. रांगेत माणसं लांब-लांब उभी करावी लागली. मुकादम म्हणाला, "मधल्या पायरीवर माझा माणूस देतो. रिकामाच हाय."

मी म्हणालो, "नको. ती जागा विष्णूची आहे. येईलच तो. तुमचा माणूस खडी टाकायला ठेवा."

खालच्या पायरीशी कॉलेजचे शिपाई दगडूमामा होते, निवृत्तीला आलेले. वर जोत्यावर नंदा, मुलींच्या टीमची कॅप्टन. विष्णू येईपर्यंत मामांनी चढ-उतर करून दोन्ही जागा सांभाळायच्या असं ठरलं.

तासाभरात मामांची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. घमेली तुंबली. मी कोर्टाच्या पार टोकाला फळीनं काँक्रीट सारखं करत होतो. पायऱ्या तिथून दिसत नव्हत्या. समोर ओतलेला माल तापल्या पत्र्याखाली सुकायला लागला. डोळ्यांदेखत सगळं चाललं होतं – शेड, नोकरी, विष्णूचे ते सगळे रविवार. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "विष्णू आला का विचारा!"

प्रश्न तोंडातोंडी रांगेतून खाली गेला. थोड्या वेळानं तसंच उत्तर परत आलं. "आला."

आणि घमेली सुटली! एकामागून एक, थांबायचं नाव नाही. अंधार पडायच्या आत शेवटचा कोपरा भरला. मुकादम फिरून आला आणि म्हणाला, "सांधा कुठंच नाय."

मी धावत पायऱ्यांकडे गेलो, विष्णूला मिठी मारायला. तिथे मामा एकटेच, खालच्या पायरीला टेकून बसलेले.

"विष्णू कुठाय?"

"मला काय ठाव? तुमीच म्हनलात ना, आला म्हनून. मी वर चढायचा थांबलो."

"मग घमेली कोण घेत होतं?"

मामांनी डोक्यावरचा टॉवेल काढला. मग म्हणाले, "हात होतं, सर. घेत होतं. डोक्यावर टॉवेल, घामानं डोळं भरलेलं... मान वर करायला सवड कुनाला व्हती?"

नंदाला विचारलं. तिला वाटत होतं, मामाच वर येऊन देताहेत. "'आला' हे तुला कोणी सांगितलं?" "खालून आवाज आला, सर." मामा म्हणाले, "माज्याकडनं नाय. मला वरनं ऐकू आलं." त्या दोघांच्या मधल्या पायऱ्यांवर कुणी नव्हतं. मी मामांना खाली उभं केलं, नंदाला वर. दोघांना हात लांब करायला लावले. मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर राहत होतं.

तिसऱ्या दिवशी मी विष्णूच्या वाडीवर गेलो. तो अंथरुणावर होता. आई उशाशी.

"यष्टीत तापानं सुद हरपली त्याची," ती सांगायला लागली. "कंडक्टर वळखीचा, त्यानं पोलादपुराला उतरवला. सकाळी चौघांनी उचलून आनला. आनि मग दिसभर नुसता वळतोय रे, सर... या अंगावरनं त्या अंगावर. मी हात धरलं तर म्हनतो, आये सोड, लाईन तुटल. तिनिसांजंला निपचित पडला. तवापासनं हात उचलंनात."

तिनं त्याचे तळवे उलटे करून मला दाखवले. पांढरे पडलेले, चिरलेले, बोटांच्या पेरांवरची कातडी खाल्लेली. तसे तळवे त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येकाचे झाले होते. माझेही तसेच होते. मी माझे हात पाठीमागे लपवले.

ताप उतरला. हात मात्र परत आले नाहीत. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, तापानं शिरा गेल्या. असेल. तळव्यांचं विचारलं तर म्हणाले, छापखान्यातल्या कसल्या रसायनानं झालं असेल. तेही असेल. मी वाद घातला नाही.

त्या कोब्यावर पुढे कित्येक वर्षं मॅचेस झाल्या. मी कायम झालो, मुलींची लग्नं केली. विष्णू मॅचला यायचा, भाऊ त्याला ओट्यावर बसवून द्यायचा. दोन्ही हात मांडीवर ठेवलेले... म्हणजे भावानं ठेवलेले. दर वेळी एकच विचारायचा, "सर, सांधा नाय ना पडला?"

मी म्हणायचो, "नाही रे." आणि खरंच, आजपर्यंत पडलेला नाही.

हे कसं झालं ते मला माहीत नाही. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही, आणि कुणी कसलंही स्पष्टीकरण दिलं तरी माझी सुटका होईल असं वाटत नाही. मुकादमाचा माणूस त्या सकाळी रिकामा होता. मी त्याला ती जागा दिली नाही.