चाल तीच, बैल दुसरा

“चाल तीच ठिवा, बैल तेवढा बदला.” काका स्टुडिओत शिरता शिरता हे सांगायचे आणि खुर्ची सोडून सतरंजीवर बसायचे. स्टुडिओ कसला, भोरच्या एसटी स्टँडमागची माझी दहा बाय दहाची खोली.

वेल्ह्याकडचा हा शेतकरी शर्यतीच्या बैलांवर गाणी लिहायचा. तुम्हीही ऐकली असणार, टेम्पोत, हळदीला. पहिलंच गाणं मोबाईलवर असं चाललं की पार साताऱ्याकडून बैलवाले येऊ लागले. प्रत्येकाला तेच गाणं हवं, फक्त नाव आपल्या बैलाचं. शेवटच्या कडव्यात गाणं कुणी लिहिलं म्हणून येणारं काकांचं नाव तेवढं कधी बदललं नाही.

एकदा मी चेष्टेनं म्हणालो, “काका, मजा हाय तुमची. एक गाणं लिहिलं आन् जन्माची सोय झाली.”

“मजा कसली? मीच गाड्याला जुपलोय.”

मग म्हणाले, चाल त्यांची नव्हतीच. काकू भातलावणीला म्हणायच्या त्या गाण्याची होती, काकूंच्या आईकडून आलेली. काकांनी न विचारता त्यात बैल घातला. पुढच्या लावणीला काकूंनी सूर लावला, तर बाया बैलाचं नाव घेऊन हसल्या. तेव्हापासून काकू मुक्यानंच रोपं लावतात.

“तिच्यासाटी एक नवं लिवायचंय. नव्या चालीत.”

त्यासाठी दर खेपेला माझी पेटी मागून घ्यायचे. गुणगुणायचे. तिसऱ्या ओळीला जुनी चाल हजर. “आली बग,” म्हणत पेटी मिटायचे. मला वाईट वाटायचं, पण बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं. मी रेकॉर्डिंग सुरू करायचो.

ते नवं गाणं काही झालं नाही. काका गेले.

दहाव्याला पोरांनी प्रेमानं स्पीकर लावला. तेच गाणं, बैलाच्या जागी काकांचं नाव. रेकॉर्डिंग मीच करून दिलेलं, रडत रडत. काकू उठून माझ्यापाशी आल्या.

“दादा, त्ये तर गेलं. आता तरी माजी चाल सोडा.”



परवा एक बैलवाला आला. चाल तीच हवी म्हणाला. मी सांगितलं, “ती चाल माहेरी गेली. आता मिळायची नाही.”

“बरं, पलीकडं बघतो.”

दुपारी पलीकडच्या स्टुडिओतून तीच चाल ऐकू आली. मी काम थांबवून शेवटच्या कडव्याची वाट बघत बसलो. त्यात काकांचं नावही नव्हतं.