सातुरियाचा कोपरा

किळस येते मला या गावाची, आणि मी इथेच जन्मले, मरणारही इथेच. शेजारच्या कास्त्रियोतल्या चर्चचे उघडे दगड बघायला माद्रिदहून गाड्या येतात म्हटल्यावर आमच्या लोकांच्या पोटात दुखायला लागलं. आपलंही चर्च आठशे वर्षांचं, तशाच बुटक्या गोल कमानी, मग आपलेच दगड चुन्याखाली का? सरपंच एवेलियोने घंटा वाजवून गावकाम पुकारलं. घरटी एक माणूस, छिन्नी-हातोडा ज्याचा त्याने आणायचा.

आडवी आली ती एकटी सातुरिया, माझी शेजारीण. नवरा खाणीत गेला, आणि एकुलती एक पोर, एलादिया, सहाव्या वर्षी घटसर्पाने. तेव्हापासून चर्चचा झाडू हिच्याकडे. सणाआधी सगळं चर्च चुन्याने पांढरं करायची, फक्त वेदीमागच्या गोल भिंतीचा एक कोपरा सोडून. हवा ओली झाली की तिथे चुन्यातून बाईचा एक तांबूस चेहरा उमटायचा. "ती माझ्या पोरीवर लक्ष ठेवते," सातुरिया म्हणायची. ओल आहे ओल, असं गाव म्हणायचं, आणि घरात कुणी आजारी पडलं की गुपचूप तिथेच मेणबत्ती लावून यायचं.

"एवेलियो, तेवढा कोपरा राहू दे रे."

"मावशी, एका डागापायी अख्खं काम अर्धवट ठेवू? कास्त्रियोवाले हसतील."

"तुझ्या वेळी तुझी आई अडली होती, तेव्हा तुझा बाप कुठे गुडघे टेकून बसला होता, ठाऊक आहे ना?"

एवेलियोने पहिला घाव त्याच कोपऱ्यावर घातला.

थरावर थर गळून पडले आणि खाली रंग निघाला. लाल, निळा. एक डोळा. वर उचललेला हात. सगळ्यांनी पाहिला. थांबले म्हणता? थांबले, घोटभर वाईन होईपर्यंत. "आता फोडलंच आहे तर होऊन जाऊ दे," कुणीतरी म्हणालं, आणि संध्याकाळपर्यंत भिंत नागडी. राडारोडा ट्रॉलीत भरून रस्त्यातल्या खड्ड्यांत ओतला. शी! त्या चेहऱ्यावरून मेंढरं गेली.

दुसऱ्या दिवशी सातुरिया खड्ड्यात बसून वेचत होती. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून दमला. रंगाचा एकच धड तुकडा मिळाला, दोन बोटांचा. तो तिने एलादियाच्या थडग्यात पुरला, चमच्याने माती उकरून.

गाड्या आल्या. लोक दगडांवरून हात फिरवतात, 'काय शुद्ध!' म्हणतात. हिवाळ्यात भिंतीला पाणी सुटतं आणि आम्ही प्रार्थनेत खोकत बसतो. मग शहरातल्या संग्रहालयातून एक बाई आल्या. इथे चित्र होतं म्हणे, एखादा तुकडा असला तर काचेच्या पेटीत ठेवू, वर गावाचं नाव लिहू. एवेलियोला लाळ सुटली. त्याच संध्याकाळी टोपी हातात धरून सातुरियाच्या दारात हजर. मी तिच्यासोबत वाटाणे सोलत बसले होते.

"मावशी, वरवरचीच माती काढायची. पोरीला धक्कासुद्धा लागणार नाही."

मी त्याच्या बुटाशेजारी थुंकले.

सातुरियाने हातातली शेंग संपवली. "काढ की," ती म्हणाली. "पण गावकाम पुकारू नकोस. एकटा ये. तुझ्या हातांनी उकर, मी समोर उभी राहते."

एवेलियो टोपी घालून निघून गेला. दफनभूमीकडे तो एकटा वळलेला मी अजून पाहिला नाही.