याकोबरावांच्या दारी नाताळचं भजन

चि. दाविद यास आशीर्वाद.

तुझा गुडघा काय म्हणतो? थंडीत एरंडाचं पान गरम करून बांधत जा. सौ. मार्थेचा खोकला हटला का? थोरलीला सासर मानवलं का? धाकट्याला दात आले असतील, आता तो कुणाला चावतो तेही कळव. आम्ही खुशाल. नाताळला सोलापूरला जाऊन आलो, ते सगळं लिहितो. पुढल्या साली तुमचं जाणं झालं तर वाट ठाऊक असलेली बरी.

आमच्या रूथचं पत्र आलं म्हणून निघालो. आषाढात तिची सासू गेली. तेव्हापासून तिचे सासरे, म्हणजे आमचे व्याही याकोबराव, यांनी मृदंग खुंटीवरून काढलेला नाही. रूथने लिहिलं, "आण्णा, मामा जेवतात, बोलतात, पण घराचा आवाज गेलाय. नाताळचं भजनही त्यांच्यावाचून होणार. तुम्ही या." दुखवट्याच्या घरी पहिल्या वर्षी कढई ठेवत नाहीत, तळण माहेराहून जातं. म्हणून तुझ्या वहिनीने करंज्यांचा डबा माझ्या हाती दिला आणि दोरीने असा बांधला की मलाच सुटू नये.

वैरागहून सर्व्हिस मोटार सकाळी सुटते. बारा आणे पडतात. ड्रायव्हरशेजारची जागा धरावी, मागे निम्मा रस्ता नाकात जातो.

"म्हातारबा, डबा टपावर द्या की," ड्रायव्हर म्हणाला.

"करंज्या हायत. मांडीवरच ऱ्हाऊ द्या."

"मग ह्यो खड्डा दमानं घेतो. उतरताना एक द्या म्हंजे झालं."

त्याने खड्डे खरंच दमाने घेतले. मी दोन दिल्या. दोन्हीकडे ज्वारी निसवून कणसावर आलेली, मधूनच करडईचे पट्टे. इंजिनाला पाणी पाजायला मोटार थांबते तिथे हुरडा मिळतो. सोडू नये.

सोलापुरात पोचलो तेव्हा गिरणीचा भोंगा वाजत होता. रूथच्या गल्लीत घरोघर माग, दिवसभर खटखट. शेजारच्या तेलुगू विणकरीण बाईंनी रूथच्या दारच्या नाताळच्या कागदी चांदणीला रंगीत सुताचे गोंडे करून दिले होते. याकोबरावांनी मला पाणी दिलं, पिकाची चौकशी केली. मृदंग खुंटीवरच होता, गवसणीवर धूळ. मी त्याकडे पाहिलं, तर म्हणाले, "चहा घ्या." विषय संपला. रात्री कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही झालं. ती चटणी बांधून आणावी, महिनाभर टिकते.

नाताळच्या सकाळी देवळात उपासना झाली. याकोबराव मागच्या बाकावर बसले आणि उठून आधीच घरी गेले. मग देवळातली मंडळी टाळ-झांजा घेऊन घरोघर निघाली. दारोदार गूळ-खोबरं हातावर पडत होतं. मी तर झांज घेऊन पुढेच.

याकोबरावांचं दार आलं आणि मी ताऱ्याचं भजन वरच्या पट्टीत उचललं. एक ओळ झाली, दुसरी झाली. मागून टाळ येईना. वळून पाहतो तो सगळे हात जोडून उभे, माना खाली. दारात रूथचा चेहरा पांढरा पडलेला.

"आण्णा," ती हळूच म्हणाली, "हितं दुखवट्याच्या घरापुढं गात न्हाईत. हात जोडून पुढं जात्यात."

मला काय ठाऊक? आपल्याकडे अशा घरी आधी जायचं आणि एक भजन जास्त म्हणायचं, हेच माझ्या डोक्यात. जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. झांज खाली ठेवायला वाकलो, तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोन गातंय त्ये?"

मीच म्हणालो, "मी, व्याहीबुवा. चुकलं माझं."

"चुकलंच की. लई वर धरलंय. दुसऱ्या कडव्याला नरडं फाटंल." याकोबराव उंबऱ्यात आले. मग रूथकडे वळले. "सूनबाई, मूठभर कनीक भिजव."

तुला माहीत आहेच, ओली कणीक थापल्याशिवाय मृदंगाचं डावं तोंड घुमत नाही. रूथ पदर तोंडाला लावून आत पळाली. मंडळींतला एक म्हातारा म्हणाला, "पातळ करू नकोस गं पोरी, भाकरी न्हाय थापायची." सगळे हसले, याकोबरावही. मग त्यांनी मृदंग खुंटीवरून काढून गळ्यात अडकवला आणि पट्टी खाली धरून दिली. तिसऱ्या कडव्याला, जिथे विहीणबाईंचा टाळ असायचा म्हणे, तिथे त्यांचे हात थांबले. टाळ कुणीच वाजवला नाही. तेवढी जागा मोकळी सोडून ते पुढे गेले, आणि आम्हीही गेलो. पुढच्या सगळ्या घरी मृदंग त्यांच्याच गळ्यात होता.

परवा वैरागला परतलो. मोटारीचा शीण उतरला, पण ती मोकळी सोडलेली जागा कानातून जात नाही. तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं, तर ती म्हणते, "वैरागात अशी रीत कवा होती? तुमी कुठनं आणली?" तेव्हापासून विचार करतो आहे. आई गेली त्या नाताळला आपल्या दारी कुणीतरी खूप वेळ गात होतं, एवढंच मला आठवतं. तू लहान होतास, पण दाराशी तूच बसला होतास. ते कोण होते, आणि बाबा बाहेर आले होते का? आठवेल तेवढं लिही, पण लवकर लिही. ही रीत कुठली, हे निघताना याकोबरावांनीही विचारलं होतं.

तुझा दादा